थांबायची तालीम

“जेवून घ्या,” विंगेतून नाना म्हणाले, आणि विलासनं कपाळावर हात मारून घेतला.

शाळेच्या हॉलमधल्या लाकडी चौथऱ्यावर मंगलताई जगदाळे आणि बापू शिंगटे समोरासमोर उभे होते. नाटकाचा शेवट चालला होता. बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला नवरा परत येतो आणि दारात उभा राहून बायकोला विचारतो, “मी राहू का?” ती काही बोलत नाही. बराच वेळ बोलत नाही. मग म्हणते, “जेवून घ्या.” पडदा. विलास थोरात कॉलेजात शिकवायचा आणि नाटक त्यानं स्वतःच लिहिलं होतं. त्याचं म्हणणं असं, की अख्खं नाटक तिच्या त्या न बोलण्यात आहे. आणि नेमकं तिथंच, मंगलताईंनी श्वास घेतला न घेतला तोच, आमचे नाना त्यांना वाक्य देत होते. तेही असं खणखणीत, की शेवटच्या रांगेतल्या माणसानं उठून पाटावर बसावं.

“नाना, तिथं पॉज आहे,” विलास म्हणाला.

“आहे की. लिहिलंय पुस्तकात.”

“मग तुम्ही वाक्य का दिलंत?”

“मी? मी कुठं बोललो?”

नाना खोटं बोलत नव्हते, हीच खरी पंचाईत होती. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. माझे वडील कराडच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचे. खिडकीशी आलेल्या माणसाच्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्यांचं उत्तर तयार असायचं. डोक्याला मुंडासं आणि काखेत कोंबडी दिसली की, “पाटण, तिसरा फलाट, अजून वेळ आहे.” नवी साडी, कडेवर पोर आणि रडून लाल झालेले डोळे दिसले की, “विटा गाडी आत्ता लागेल बाई, बसा तिथं.” लोक तोंडात बोटं घालायचे. बहुतेक वेळा बरोबरच निघायचं. चुकलं तर नाना म्हणायचे, “लोकांना आपल्याला कुठं जायचंय हेच धड माहीत नसतं.”

संध्याकाळी खिडकी बंद झाली की ते मंडळात. बावीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक नाटकाचं पुस्तक त्यांच्या हातात होतं. प्रॉम्प्टर म्हणून त्यांना तालुक्यात तोड नव्हती. नट अडखळायच्या आधीच शब्द त्याच्या कानात पडलेला असायचा. नटमंडळी त्यांच्या पाया पडून मगच रंगमंचावर जायची. तर अशा माणसाला तुम्ही सांगणार, की तुम्ही मधे बोलता! कोणत्या तोंडानं सांगणार?

घरी याहून वेगळं काय असणार? डॉक्टर आईला विचारायचे, “काय होतंय?” नाना सांगायचे, “रात्री खोकला येतो तिला.” डॉक्टर जीभ दाखवा म्हणायचे, तेव्हा कुठं आईचं तोंड उघडायचं. आई काही घुमी नव्हती. वाक्याला सुरुवात ती करायची, शेवट नाना करायचे. त्यात कावेबाजपणा कणभर नव्हता, उलट माया होती. जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्याला पुढं होऊन हात द्यावा, तसं ते सगळ्यांना शब्द देत फिरायचे. मला त्यांचं भारी कौतुक होतं आणि तितकाच वैतागही यायचा. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मंडळात पडदा ओढायचं काम माझ्याकडं होतं.

विलासच्या सांगण्यावरून मी मैत्रिणीकडून टेपरेकॉर्डर मागून आणला आणि एक अख्खी तालीम टेप केली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी गोल बसून ऐकली. “मी राहू का?” नंतर लगेच नानांचा आवाज आला, “जेवून घ्या.”

“हा कोण मधेच?” नानांनी विचारलं.

“तुम्हीच नाना,” मी म्हणाले.

“छट्! माझा आवाज असा आहे होय? हा बापूचा भाऊ असणार, तो बसलेला असतो मागं. कुमुदला विचारा हवं तर, तीही नाहीच म्हणेल.”

आई कोपऱ्यात बसली होती. तिनं बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. सगळे खो खो हसले. आपण काहीतरी चांगलं बोलून गेलो असं वाटून नानाही हसले.

आणि मग, साताऱ्याची नाट्यस्पर्धा अगदी तोंडावर आलेली असताना, मंगलताईंना गालगुंड झालं. दोन्ही गाल टम्म. विलास चौथऱ्याच्या कडेला डोकं धरून बसला. बापू शिंगटे बिचारा सवयीनं आपली वाक्यं पुटपुटत येरझाऱ्या घालत होता. “घरात कोण आहे?” तो स्वतःशीच म्हणाला.

“घर आहे,” मागून उत्तर आलं.

पुस्तकात होतं तेच, जसंच्या तसं. सगळ्यांनी माना वळवल्या. आई नानांचा डबा पिशवीत भरत होती. नाना रोज दाढी करताना सगळं नाटक सगळ्या आवाजांत वाचायचे आणि आई तिकडं पोळ्या लाटायची. तिला नाटक पाठ असेल हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

विलास उठून उभा राहिला. “काकू, तुम्ही कराल का?”

“छे छे, तिला नाही जमायचं,” नाना म्हणाले. “चार माणसांत घाबरते ती.”

“जमेल,” आई म्हणाली.

एवढा छोटा शब्द. त्याच्या मधे शिरायला नानांना जागाच मिळाली नाही.

तिनं दोन दिवस तालीम केली आणि विलासच्या चेहऱ्यावर रंग परतला. पण त्या शेवटच्या जागेचं रडगाणं चालूच होतं. मंगलताईंच्या वेळी नाना निदान श्वासभर तरी थांबायचे. समोर आपली बायको म्हटल्यावर तेवढंही नाही. अखेर विलासनं मन घट्ट केलं. “नाना, वाईट वाटून घेऊ नका. स्पर्धेत विंगेतला आवाज ऐकू आला तर संपलंच सगळं. या वेळी पुस्तक बापूच्या भावाकडं देऊ.”

हातातलं पुस्तक नानांनी हलकेच खुर्चीवर ठेवलं आणि त्याचे कोपरे उगाच सारखे केले. बढती नको, बदली नको, साहेबाची शाबासकी नको. या माणसाला आयुष्यात हवी होती ती विंगेतली तेवढी फूटभर जागा.

“पुस्तक ह्यांच्या हातात असेल तर मी काम करीन,” आई म्हणाली. “नाहीतर माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

विलासनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा नानांकडं. “ठीक आहे. पण नाना, प्रयोगात त्या जागी तुमचा आवाज आला, तर पुढच्या नाटकापासून पुस्तक दुसऱ्याकडं. कायमचं. मान्य?”

“मान्य.”

घरी जाताना वाटेत आई म्हणाली, “अहो, त्या जागी मला वाक्य देऊ नका.”

“अगं नाही देत, सांगितलं ना आता...”

“मी विसरले तरी देऊ नका.”

नाना रस्त्यातच थांबले. “विसरलीस तरी?”

“विसरले तरी.”

मग आमच्या घरी सुरू झाली थांबायची तालीम. आधी नानांनी तोंडात सुपारी धरून पाहिली, ती दुसऱ्याच मिनिटाला गिळली. रुमाल दातांत धरला, तर दात काढून आलेल्या पेशंटसारखे दिसायला लागले. शेवटी आईनंच युक्ती काढली. संध्याकाळी चहाच्या वेळी ती एखादं वाक्य सुरू करणार, मधे थांबणार आणि ते पूर्ण होईपर्यंत नानांनी गप्प बसायचं. पंच मी.

“हेमाच्या परीक्षेची फी...”

“भरली!”

“आउट,” मी म्हणाले.

“शेजारच्या सुमतीबाईंचा जावई...”

“आलाय, बघितला मी स्टँडवर.”

“आउट, नाना.”

“अगं, पण आलाय ना तो?” नाना कळवळून म्हणाले. बरोबर उत्तर असून नापास व्हावं लागतं, हे काही त्यांच्या पचनी पडेना. पहिले दोन दिवस ते सलग आउट होत राहिले आणि आम्ही तिघंही पोट धरधरून हसलो. आठवतं तेव्हा अजून ते हसू ऐकू येतं मला. आमच्या त्या दीड खोलीत इतकं हसणं पुन्हा कधी झालं नाही.

तिसऱ्या दिवशी आईनं बशीत चहा ओतला आणि म्हणाली, “मला खिडकीची जागा...”

आता इथं एक सांगायला हवं. आम्ही कुठंही निघालो, की गाडी फलाटाला लागण्याआधीच नाना धावत सुटायचे, खिडकीतून आत रुमाल टाकायचे आणि आईसाठी खिडकीची जागा धरायचे. स्वतः एस.टी.तला माणूस, पण बायकोसाठी रुमाल टाकायची त्यांना लाज नव्हती, उलट अभिमान होता. सगळ्या नात्यागोत्यात त्यांच्या या धावण्याचं कौतुक व्हायचं. मावशी तर आपल्या नवऱ्याला त्यावरून टोमणे मारायची.

नानांचं तोंड उघडलं. मग त्यांनी तळहात ओठांवर दाबला. आई बशीतल्या चहावर फुंकर घालत होती. तिनं एक घोट घेतला. नानांचे कान लाल झाले, पण हात हलला नाही.

“...नको असते,” आई म्हणाली. “वारा कानात शिरतो. नंतर दोन दोन दिवस ठणकतो.”

मी आउट म्हणायला तोंड उघडलं, पण कुणी आउट झालंच नव्हतं. नानांनी हात खाली घेतला.

“अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलत होते की. दर वेळी सुरुवात करत होते.”

ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि कपबशा उचलून मोरीकडं गेली. नानांनी त्या दिवशी दुसरी पोळी घेतली नाही. जेवण झाल्यावर अंगणात मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते, तर ते मागं येऊन उभे राहिले.

“हेमे, आणखी काय काय असेल गं?”

मलाही कुठं माहीत होतं?

तोवर नानांना ही सगळी विलासच्या नाटकाची कटकट वाटत होती. त्या दिवसापासून ते खरे कामाला लागले. पण वर्षानुवर्षं अंगात मुरलेली गोष्ट काढायची म्हणजे कुठून धरून काढायची? ते स्टँडवरही थांबायला लागले. माणूस खिडकीशी आला की, “बोला, पूर्ण बोला, मी ऐकतोय.” रांग कँटीनपर्यंत गेली. लोक चिडले. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, “उपळेकर, बरं नाही का? घरी जायचं असलं तर जा.” खिडकीत बोलायचं आणि घरी थांबायचं, असा काही खटका नानांच्या अंगात नव्हता. एक आवरायला जावं तर दुसरं बंद पडायचं. घरी येऊन ते भिंतीला टेकून बसायचे, दिवसभर पोती उचलल्यासारखे. आणि तरी आईनं “आज भाजीला” म्हणायचा अवकाश, “मेथी!” हे निघून जायचंच. मग जीभ चावायचे. आपण बोललो हे आता त्यांना निदान ऐकू यायला लागलं होतं.

आणि त्या शेवटच्या जागी? निघायच्या आदल्या दिवशीच्या तालमीतही नानांनी वाक्य दिलंच. अगदी हळू, पण दिलं.

साताऱ्याला आमचा प्रयोग दुपारचा होता. थिएटर निम्मं भरलेलं. आई घरातलीच निळ्या चौकड्यांची साडी नेसून उभी होती आणि मेकअपमुळं ओळखू येत नव्हती. नानांनी तिच्याकडं पाहिलं, काहीतरी म्हणायला गेले आणि नुसतीच मान हलवली. मी पडद्याच्या दोरीशी उभी राहिले, नाना माझ्या शेजारी, पुस्तक उघडून.

नाटक छान चढत गेलं. दोनदा बापू अडला, दोनदा नानांनी त्याला असं अलगद उचललं की त्याचं त्यालाही कळलं नाही. आईला कुठंच शब्द द्यावा लागला नाही. आणि मग शेवट आला. बापू दारात उभा राहिला.

“मी राहू का?”

आई गप्प.

तालमीत ती थांबायची तितका वेळ गेला. मग तितकाच आणखी. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं आणि लगेच गप्प झालं. बापूच्या डोळ्यांत भीती दिसायला लागली. नानांनी पुस्तकातून डोकं वर काढलं, आईकडं रोखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. बावीस वर्षं त्यांनी याच जागेवरून माणसं पाहिली होती. थांबलेला नट कुठला आणि विसरलेला कुठला, हे त्यांना पाठमोऱ्या मानेवरून कळायचं.

‘विसरलीय,’ ते ओठांनीच मला म्हणाले.

“द्या की मग,” मी कुजबुजले. “नाना, द्या!”

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

आई आता काठावर उभी होती, बुडायच्या. निदान मला तरी तसंच दिसत होतं. पहिल्यांदाच रंगमंचावर आलेली माझी आई, समोर शेदोनशे माणसं, आणि तिला वाचवायचा शब्द इथं माझ्या शेजारी या माणसाच्या जिभेवर बसलेला. नुसता सोडायचा होता. पुस्तक गेलं तर गेलं, असं मला वाटलं. इतका राग आला मला त्यांचा!

तेवढ्यात आईनं मान वळवून विंगेकडं पाहिलं. हे काही तालमीत नव्हतं. तिनं सरळ नानांकडं पाहिलं.

नानांनी पुस्तक मिटलं. मिटून दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि ते नुसते तिच्याकडं बघत राहिले. त्यांचे ओठ थरथरत होते. माझी पाठवणी झाली तेव्हाही मी त्यांचे ओठ इतके थरथरताना पाहिले नाहीत.

आईनं मान परत बापूकडं वळवली.

“जेवून घ्या,” ती म्हणाली.

अगदी हळू म्हणाली, आणि थिएटरभर ऐकू गेलं. मी पडदा ओढायचं विसरले. विलासनं पलीकडून हातवारे केले तेव्हा दोरीला हात घातला. टाळ्यांचा आवाज पडद्यातून येत होता आणि नाना तिथल्याच एका खोक्यावर मटकन बसले होते.

रंगपटात आई आरशासमोर बसून खोबरेल तेलानं चेहरा पुसत होती. आम्ही दोघं आत गेलो. बाकीचे अजून बाहेरच होते.

“विसरली होतीस ना?” नानांनी विचारलं.

“नाही.”

“नाही?” नानांना पटेना. “अगं, मी पाहिलं ना. तुझी मान, डोळे... विसरलेलं माणूस मला कळत नाही होय?”

“नाही विसरले. आठवत होतं मला.” आईनं तेलाचा बोळा खाली ठेवला. “आणि तुम्हाला मी विसरले असं वाटत होतं, तरी दिलं नाहीत?”

“तूच म्हणाली होतीस ना. विसरले तरी.”

आई त्यांच्याकडं बघत राहिली. अर्धा चेहरा नाटकातल्या बाईचा, अर्धा तिचा.

“मग एवढा वेळ थांबलीस का?”

“तुम्ही देता का, ते बघत होते. आणि तुम्ही तिथं पुस्तक मिटून उभे राहिलात ना,” आई म्हणाली, “तेव्हा मला एकदम...”

ती थांबली. नाना तसूभरही हलले नाहीत. आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं. विलास, बापू, मंडळाचे सगळे आत घुसले. कुणी आईच्या पाया पडतंय, कुणी नानांना मिठी मारतंय, विलास तर रडतच होता. त्या गलक्यात ते वाक्य तिथंच राहिलं.

नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं आणि नानांचं पुस्तक त्यांच्याकडंच राहिलं. नाना बदलले का, म्हणाल तर महिन्याभरात खिडकीत, दवाखान्यात, जेवताना सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. “आज भाजीला” म्हटलं की मेथी, वांगी, दोडका, जे डोक्यात येईल ते. जीभ चावायचे, पण बोलून झाल्यावर. माझ्या लग्नात भटजींचा मंत्रही एकदा त्यांनी पुरा केला. आईनं पुढं नाटकात काम केलं नाही. विलासची बदली झाली, मंडळ हळूहळू बंद पडलं.

फक्त त्या एका वाक्याला नानांनी कधी हात लावला नाही. एकदा माहेरी आले असताना मीच विषय काढला होता. “नाना, आई त्या दिवशी रंगपटात काय म्हणणार होती? तुम्हाला काय वाटतं?” साऱ्या कराडचं मनातलं ओळखणारा माणूस, म्हटलं आता सांगेल. तर म्हणाले, “तिचं वाक्य आहे ते. तिला विचार.”

तिला मी विचारलं ते नाना गेल्यावर. तेराव्याची माणसं पांगली होती. आम्ही दोघीच स्वयंपाकघरात बसून गहू निवडत होतो.

“ते होय,” आई म्हणाली. तिला क्षणभरही आठवावं लागलं नाही.

“त्यांनी कधी विचारलंच नाही तुला?”

“नाही. पण मधूनच बघायचे माझ्याकडं. पेपर वाचता वाचता, चहा पिताना. आता बोलेल, आता बोलेल, असं. मला कळायचं.”

“मग सांगून टाकायचं की गं!”

“सांगणारच होते.” तिनं सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. “पण कुणीतरी आपल्या बोलण्याची इतकी वाट बघतंय, हे मला फार आवडायला लागलं होतं बघ. म्हटलं, आपण चोवीस वर्षं थांबलो, त्यांनाही थांबू दे थोडं. मग सांगू.”

ती हसली आणि हसता हसताच तिनं डोळ्यांना पदर लावला.

“घाई केली गं त्यांनी,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत घाईच.”